पायावरून पैलवान

सुमोशी माझी गाठ पडली ती माझ्या भावामुळं. त्याला सेकंडहँड जीप घ्यायची होती, आणि आमच्याकडं सुमो म्हणजे जीपच. दहाजणांच्या जागेत सोळा माणसं कोंबून अजिंठ्याच्या रस्त्यानं धुरळा उडवत जाणारी. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्या कम्प्युटरवर बघ ना एखादी बरी सुमो. जास्त पळालेली नको." मी ऑफिसात डबा खाता खाता शोधायला बसले, तर पडद्यावर दोन अगडबंब पुरुष आले. कंबरेचा जाड पट्टा सोडला तर उघडेच, एकमेकांवर डोळे रोखून ओणवे बसलेले. जास्त पळालेले वाटत नव्हते.

भावाची जीप राहिली बाजूला. मी अर्धा तास त्या कुस्त्याच बघत बसले.

मी तेव्हा क्रांती चौकाजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. सरांनी कागदावर ओढलेल्या रेघा कम्प्युटरवर नीटनेटक्या काढून द्यायच्या, हे माझं काम. त्या वर्षांत पाऊस रुसला होता, पण बांधकामांना ऊत आला होता. गारखेड्याच्या पलीकडं कालपर्यंत जिथं बाभळी होत्या तिथं चार-चार मजले उठत होते. प्रत्येक नव्या प्लॅनमध्ये जमिनीखालचा पाण्याचा हौद मागच्या प्लॅनपेक्षा मोठा. एकदा सर म्हणाले, "आणखी दोन वर्षं असंच चाललं तर आपण नुसते हौदच काढू. वर थोडी जागा उरली तर माणसांना राहायला देऊ."

त्या सुमोच्या पानावरच मला एक खेळ सापडला. जपानात वर्षातून सहा वेळा सुमोच्या मोठ्या स्पर्धा होतात, प्रत्येक पंधरा दिवसांची. दुसऱ्या दिवशीच्या वीसेक कुस्त्यांच्या जोड्या आदल्या दिवशीच कळतात. आपण कुस्त्या सुरू व्हायच्या आत, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारी बाराच्या आत, कोण जिंकणार त्या नावांपुढं खुणा करायच्या. गंमत पुढं आहे. रोज तुमची जोडी जगातल्या दुसऱ्या कुठल्या तरी खेळाडूशी लावतात. ज्याचे अंदाज जास्त बरोबर, त्यानं तो दिवस जिंकला. पंधरा दिवसांत आठ जिंकले तर पुढच्या स्पर्धेला तुमची पायरी वर चढते; सातच जिंकले तर उतरते. पैसाअडका काही नाही. नुसती इभ्रत.

टोपणनाव घ्यावं लागतं. त्या दिवशी ऑफिसात कुणीतरी हुरडा आणला होता, म्हणून मी 'हुरडा' झाले.

जानेवारीची पहिली स्पर्धा मी अभ्यास करून खेळले. दिवसभर मापं घेणारी बाई मी. मी पैलवानांची उंची पाहिली, वजन पाहिलं, मागचे निकाल पाहिले, आणि जाडजूड बघून खुणा केल्या. पंधरापैकी चार दिवस जिंकले. त्यातले दोन दिवस समोरचा माणूस खुणा करायलाच विसरला होता.

संक्रांतीनंतर गावाकडची विहीर आटली, आणि नवरा त्याच्या आईला घेऊन आला. अजिंठ्याच्या अलीकडं त्यांचं गाव. सासूबाई आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी जिन्यातच बोलल्या, "दोन महिन्यासाठी आले. पाणी लागलं की जाणार." सोबत एक वळकटी आणि पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन. शहरात कुणाकडं पाणी मागायला नको म्हणून. ज्या गावची विहीर आटली तिथून तो कॅन कसा भरला, हे मी विचारलं नाही.

शहरात त्यांचा जीव रमेना. मालिका आवडायच्या नाहीत, "ह्या बाया सैपाक कव्हा करतेत?" हा त्यांचा प्रश्न. खाली जावं तर तीन मजले उतरायचे. मग त्या गॅलरीत बसून टँकरची वाट बघायच्या. टँकर आला की सगळ्या बिल्डिंगला हाक घालायच्या, आणि पाण्याची नळी नीट हौदात गेली की नाही ते वरूनच सांगायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा मला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना कमिटीवर घ्यायला पाहिजे."

मार्चची स्पर्धा सुरू झाली. ऑफिसातून आले की चहाबरोबर मी त्या दिवशीच्या कुस्त्या बघायची आणि उद्याच्या खुणा करायची. तिसऱ्या दिवशी सासूबाई लसूण सोलत मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय पाहू ऱ्हायली गं?"

"कुस्ती आहे, आई. जपानची."

"ह्यांना खाऊ घालतं कोण?" हा पहिला प्रश्न. मग लसणाचं ताट घेऊन त्या शेजारी बसल्याच. पैलवानानं मूठभर मीठ उधळलं. "दृष्ट काढू ऱ्हायले का?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. पैलवानानं ओगराळ्यानं पाणी तोंडात घेतलं आणि खाली टाकून दिलं. त्या कळवळल्या. "अगं, टाकून दिलं की!" रेशमी कपडे घालून हातात पंखा धरलेला पंच आला. "हा भटजी का?" मग तो सगळा थाट, बसणं, उठणं, टाळी वाजवणं, पुन्हा मीठ, पुन्हा बसणं. चार मिनिटं हेच. आणि कुस्ती सुटली ती चार सेकंदांत संपली. एकाचा पाय रिंगणाबाहेर पडला होता.

"झालं?"

"झालं."

"पाठ कुठं लागली? नुस्ता पाय भाईर पडला तर हारला?"

"हो. तोच नियम आहे."

त्यांनी लसणाची एक पाकळी सोलून ताटात टाकली. मग म्हणाल्या, "मंग बरंय. हे मला कळंल."

पुढची जोडी आली, तेव्हा त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. पदर पंजावर घेतला आणि हात आडवा करून पडद्याचा वरचा अर्धा भाग झाकला. पैलवानांचे फक्त पाय दिसत राहिले.

"आई, हे काय?"

"थांब. डावीकडचा पडतो."

डावीकडचा पडला. मी पुढची कुस्ती लावली. "हा उजवीकडचा. टाचंवर बसलाय." पडला. सलग सहा सांगितल्या, पाच बरोबर.

त्यांनी मग जे सांगितलं ते मला लग्नाला बारा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. त्यांचे वडील गावच्या तालमीचे वस्ताद होते. पोरांना कुस्ती शिकवायचे, जत्रेला फड लावायचे. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा शिरस्ता. पण पैलवानांचं दूध घरून जायचं, आणि ते न्यायचं काम या धाकट्या लेकीकडं. दाराला गोणपाटाचा पडदा होता, आणि तो जमिनीपासून गुडघाभर वर थांबायचा. कुणीतरी येऊन चरवी घेईपर्यंत ती पोर बाहेर उभी. आतून शड्डू ऐकू यायचे, वडिलांचं ओरडणं ऐकू यायचं, आणि पडद्याखालून दिसायचे ते नुसते पाय.

"सहा वर्सं रोज पाह्यले. तोंडं ठाऊक नव्हती, पाय ठाऊक होते. रस्त्यानं कोणी चाललं तर पायावरून वळखायची मी, हा पैलवान अमक्या घरचा. माणूस आंगानं पडत नाही बाई. आधी पायातून पडतो, मंग आंग खाली येतं."

मग त्यांनी विचारलं, "ह्या रिंगणात बाया जात नाहीत का?"

"नाही. बायकांनी रिंगणात पाय ठेवायचा नाही असाच नियम आहे तिथं."

"तिकडंबी का!" त्या म्हणाल्या, आणि लसणाच्या पाकळ्या गोळा करून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचा संसारच बदलला. संध्याकाळी सहा वाजता चहा, मग पदराचा हात पडद्यावर, मग खुणा. पैलवानांची जपानी नावं त्यांच्या जिभेला मानवेनात, तेव्हा त्यांनी आपली नावं ठेवली. एक 'रांजण'. एक सारखा खाली मान घालून धडक देणारा 'एडका'. एक गोरापान, हळूबाई, तो 'तहसीलदार', कारण तो कुठल्याच कामाला घाई करायचा नाही. मी एक वही केली, एका बाजूला जपानी नाव, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचं. नवरा वाळूजच्या कारखान्यातून यायचा आणि दारातच विचारायचा, "आज रांजण फुटला का?"

आम्ही जिंकत सुटलो. बाराव्या दिवसाअखेर बारापैकी दहा विजय. माझी, म्हणजे हुरड्याची, त्या पानावर चर्चा व्हायला लागली. अकराव्या दिवशीच फिनलंडमधल्या एका वरच्या पायरीवरच्या खेळाडूनं निरोप पाठवला होता: तुम्ही जानेवारीत तळाला होतात, एकदम काय झालं? तुमची पद्धत काय?

आता इथं माझं चुकलं. मी इंग्रजीत ऐटीत लिहिलं, मी पैलवानांच्या पदन्यासाचा बारकाईनं अभ्यास करते. 'मी' असंच लिहिलं. आणि कम्प्युटर तसाच उघडा ठेवून कणीक मळायला गेले.

नवऱ्यानं ते वाचलं. वाचून गप्प बसला असता तर तो नवरा कसला? आईला मोठ्यानं मराठी करून सांगितलं. "आई, ऐक, फिनलंडच्या माणसाला ही काय लिहिते. ही अभ्यास करते म्हणे. पायांचा."

सासूबाईंनी ताटं घेतली. जेवताना भाजीला मीठ कमी आहे एवढं म्हणाल्या, ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा ठेवला, कम्प्युटर लावला, हाक मारली. त्या गॅलरीतून हलल्या नाहीत.

"आई, उद्याच्या कुस्त्या सांगायच्यात ना?"

"मला काय कळतं त्यातलं? अभ्यास तुझा हाये."

"आई, मी आपलं सहज लिहिलं."

"मंग सहज खुणा कर."

मी सहज खुणा केल्या आणि उरलेले तिन्ही दिवस हरले. दहा विजयांवर पायरी चढली, पण चढल्याचा आनंद असा होईना. घरात सुमोचं नाव निघेना. नवऱ्यानं एकदा रांजणाची चौकशी केली, तेव्हा आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं पाणी भरायला गेला. त्या दिवशी नळाला पाणीसुद्धा नव्हतं.

आठवडाभर असं चाललं. मग एका रविवारी मी त्यांच्याजवळ गॅलरीत जाऊन बसले. माफी मागायची म्हणून ठरवून गेले होते, पण आमच्याकडं सुनेनं सासूची माफी मागायची काही तयार रीत नाही. पाया पडावं तर सण लागतो. मी म्हटलं, "आई, तुमच्या नावानं वेगळं खातं काढू. तुमचं तुम्ही खेळा. नाव सांगा काय घालायचं."

खालून भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणाल्या, "वस्तादाची लेक."

ते मी रोमन अक्षरांत लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी खेळ चालवणाऱ्यांचं पत्र आलं. हॉलंडमधले एक निवृत्त गृहस्थ हा सगळा खेळ एकहाती चालवायचे. त्यांनी नम्रपणे विचारलं होतं: एकाच घरातून दोन नावं दिसतात. नियमाप्रमाणं एका माणसाला एकच नाव. ही दुसरी व्यक्ती खरोखर आहे का?

मी सासूबाईंना सांगितलं. "मी हाये का नाय, हे त्याला कामून पायजे?"

"आई, लोक दोन नावं घेऊन फसवतात. म्हणून विचारतात."

"म्हंजे हयातीचा दाखला."

"तसंच."

मग काही अडचणच राहिली नाही. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. त्यांच्या मागं सासूबाईंना पेन्शन होती, आणि दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायची त्यांना सवय होती. त्यांनी तोंड धुतलं, इस्त्रीचं लुगडं नेसलं, खुर्चीत ताठ बसल्या आणि कागद मागितला. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या. सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं: 'मी जिवंत आहे. कुस्त्या मी सोता पाहते. सून मला सांगत नाही, मी सुनेला सांगते.' खाली सही. मी कागद धरलेला त्यांचा फोटो काढला आणि इंग्रजी भाषांतरासह पाठवून दिला. शेवटचं वाक्य मी भाषांतरात गाळणार होते, पण नवरा पाठीमागं उभा होता.

हॉलंडवाल्यांचं उत्तर आलं, एवढा पक्का पुरावा मला आजवर कुणी दिला नव्हता. खेळा.

मेची स्पर्धा आम्ही एका घरात राहून एकमेकींपासून लपवून खेळलो. त्यांच्या खुणा नवरा करायचा. माय-लेक आतल्या खोलीत कुजबुजायचे आणि मला स्वयंपाकघरात हाकलायचे. मीही आता पडद्यावर हात ठेवून पाय बघायला शिकले होते. पण वरच्या पायरीवर माझ्यासमोर पट्टीचे खेळाडू येत होते. आज जिंक, उद्या हर. सासूबाईंना रांजणानं दगा दिला. दोन वेळा त्याच्यावर भरवसा ठेवून त्या हरल्या आणि तिसऱ्या वेळी त्याला 'फुटका माठ' करून टाकलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. टँकर आता एक दिवसाआड यायचा आणि अर्धाच भरलेला असायचा.

चौदाव्या दिवशी, शनिवारी, मी ऑफिसात निकाल पाहिला. हुरडा सात विजय, सात हार. वस्तादाची लेक सात विजय, सात हार. आणि खाली शेवटच्या दिवसाची जोडी. शेवटच्या दिवशी सारखे विजय असणाऱ्यांना एकमेकांसमोर उभं करतात. हुरडा विरुद्ध वस्तादाची लेक. एकीची पायरी चढणार, दुसरीची उतरणार.

घरी येऊन खुणा करू म्हटलं तर इंटरनेट बंद. समोरच्या प्लॉटवर नव्या बिल्डिंगचा पाया खणताना जेसीबीनं केबल तोडली होती. त्या बिल्डिंगचा प्लॅन मीच काढला होता. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "मी उद्या मुद्दाम हरते. म्हातारं माणूस आहे, खूश होईल."

आतून आवाज आला, "नुरा कुस्ती खेळायची असंल तर आताच सांग. मी गावाला जाते." नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून खेळलेली. वस्तादाच्या घरात याहून मोठी शिवी नसावी.

रविवारी नवऱ्याला ड्यूटी होती. वाळूजला सुट्टी शुक्रवारची. सरांनी मला ऑफिसात बोलावलेलं होतं, सोमवारी एक प्लॅन मंजुरीला द्यायचा होता. मी ठरवलं, सासूबाईंना सोबतच न्यायचं. दहाला निघणार तोच टँकर आला. बादल्या, घागरी, दोन पिंपं. सगळं भरून होईपर्यंत सव्वा अकरा. मग त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. त्या दोन्ही हातांनी माझे खांदे आवळून होत्या आणि क्रांती चौकाच्या सिग्नलला मी थांबले तर म्हणाल्या, "थांबली कामून? बारा वाजतेत!" सिग्नल तोडायला सांगणारी सासू मी दुसरी पाहिली नाही.

सर साठीचे, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. त्यांना मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सासूबाईंकडं, आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा, आजी."

"साहेब, खुणा तुम्ही करा. तिला दाखवू नका."

"अजिबात नाही."

तर मी माझ्या टेबलाशी माझ्या खुणा करत होते, आणि पलीकडं आमचे सर, शहरातल्या निम्म्या टोलेजंग इमारतींचे कर्ते, कम्प्युटरच्या पडद्यावर प्लॅनचा कागद आडवा धरून उभे होते, कारण आजींनी त्यांना तो तिथं धरायला सांगितलं होतं. आदल्या दिवशीच्या कुस्त्या चालू होत्या. "पाय पाहा साहेब, पाय." "हो हो. टाच उचलली." "बराबर!" बाराला पाच मिनिटं असताना दोघांनी खुणा पुऱ्या केल्या.

बारानंतर एकमेकींच्या खुणा उघड होतात. मी पाहिलं तर वीस कुस्त्यांपैकी एकोणीस ठिकाणी आमच्या खुणा सारख्याच. सारख्या असणारच, मी शिकले कुणाकडून? फरक फक्त सहाव्या कुस्तीत होता.

त्या कुस्तीत एक जुना पैलवान होता. गुडघ्याला जाडजूड पट्टी, केस विरळ झालेले. सासूबाई त्याला 'जुनं खोड' म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून त्यांचं सांगणं होतं, "ह्याचा डावा पाय गेलाय. ह्यावर खूण करायची नाय." मी ते ऐकून शहाण्यासारखी त्याच्या विरोधात खूण केली होती. आणि सासूबाईंनी त्याच्या बाजूनं.

मला वाटलं, सरांनी घोटाळा केला. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "नाही बुवा. आजी म्हणाल्या, पट्टीवाल्याला द्या. दोनदा विचारलं मी."

सरांनी खालून भजी मागवली. प्लॅन तसाच पडला. एकच्या सुमाराला सहावी कुस्ती लागली. जुनं खोड मीठ उधळून आलं. सासूबाईंनी या वेळी पडद्यावर हात ठेवला नाही. सगळा माणूस पाहिला. कुस्ती सुटली, तो थोडा वेळ टिकला. आम्हाला वाटलं त्याहून बराच जास्त. दोनदा कडेपर्यंत रेटत गेलेला परत आला. सर खुर्चीतून उठले. मग डाव्या पायानं दगा दिला आणि तो रिंगणाबाहेर बसकण मारून पडला.

मी जिंकले होते. आठ विजय. पायरी चढले.

"आई, तुम्हीच म्हणत होतात ना, त्याचा पाय गेलाय?"

"गेलाच व्हता."

"मग खूण कशी केली त्याच्यावर?"

त्यांनी भज्याचा तुकडा मोडला. "परवा तूच वाचून दाखवलं ना, ही त्याची शेवटची स्पर्धा हाये म्हणून? सारी दुनिया त्याच्या विरोधात खुणा करणार. एका तरी माणसानं त्याच्या बाजूनं नको का?"

"पण तुमची पायरी उतरली, आई."

"उतरू दे. मला गुडघ्यानं चढवतात कुठं तीन मजले?" आणि सरांकडं वळून, "साहेब, घरं बांधता ती एवढी उंच कामून बांधता?"

सर कपाळावरचा चष्मा शोधायला लागले. प्लॅन आम्ही संध्याकाळपर्यंत पुरा केला. सासूबाई तोवर बाकीच्या कुस्त्या बघून बाकावर आडव्या झाल्या होत्या.

त्या वर्षी पाऊस उशिरा का होईना आला, आणि त्या गावाला गेल्या. जाताना मला बजावलं, "माझं नाव तिथून काढू नको. पुढच्या दुष्काळात येते." बोलल्याप्रमाणं दीड वर्षानं आल्या, वळकटी घेऊन. नवऱ्यानं त्यांचा मोतीबिंदू काढून आणला. डोळ्याला हिरवी पट्टी असतानाही त्यांना कुस्त्या बघायच्या होत्या. मी नुसत्या वाचून दाखवल्या.

त्याच महिन्यात हॉलंडवाल्या गृहस्थांचं सगळ्यांना पत्र आलं. वय झालं, नजर अंधूक झाली, निकाल वाचताना आकडे दिसत नाहीत, तेव्हा ही स्पर्धा झाली की खेळ बंद करतो. लोकांनी निरोपाची लांबलचक पत्रं लिहिली. मी सासूबाईंना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू?

"त्याला म्हणावं, रडत बसू नको. मोतीबिंदू असंल. काढून टाक म्हणावं, अर्ध्या तासाचं काम हाये. सुई टोचतेत तेवढंच, मंग काय कळत नाय. आठ दिवस डोईवरून पाणी घ्यायचं नाय."

मी शब्दन् शब्द भाषांतर करून पाठवलं. महिनाभर काही नाही. मग पत्र आलं. ते डॉक्टरकडं गेले होते. मोतीबिंदूच निघाला. आता घड्याळाचा काटासुद्धा लांबून दिसतो, खेळ चालू राहील, आणि वस्तादाच्या लेकीला नमस्कार सांगा.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई गवार मोडत होत्या.

"कोणता डोळा काढला त्यानं?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. "उजवा."

"मंग डावा ऱ्हायला की," त्या म्हणाल्या. "लिही त्याला."